निराधारांना आधार कोणाचा?

आमच्या घरी गेली अकरा वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी बोलायला मोकळ्या आहेत. वस्तीत कोणाचे लग्न ठरले, कोणाच्या नळाला पाणी आले नाही, कोणाच्या सुनेने काय ऐकवले, हे सारे त्या भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून सांगत असतात. गेल्या वर्षी श्रावणात मात्र आठ-दहा दिवस त्या गप्प गप्प होत्या. शेवटी आमच्या सौ.नी खोदून विचारले, तेव्हा पदराला हात पुसत म्हणाल्या, "वहिनी, माझं निराधारचं बंद झालं. चार महिनं झालं. माझं काय चुकलं तेच कळंना."

'माझं काय चुकलं?' हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. माझे पेन्शन एक दिवस उशिरा आले, तर मी 'बँकेचे काय चुकले' असे विचारीन. माझे काही चुकले असेल असे माझ्या मनातही येणार नाही. मावशींच्या मनात मात्र पहिल्यांदा तेच आले. नवरा हमाली करीत असे, तो जाऊन बारा वर्षे झाली. एक मुलगी, ती लांब दिली. मुलगा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये मिळत होते, त्यातून खोलीचे भाडे जात होते. ते बंद झाल्यावर वाण्याकडे उधारी वाढली आणि मावशींचा आवाज खाली आला.

त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. एक दिवस खाडा करून बँकेत गेल्या. बँकेत सांगितले, "पैसे आलेच नाहीत, तहसीलला विचारा." दुसऱ्या दिवशी खाडा करून तहसील कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने संगणकात पाहून सांगितले, "पैसे गेलेत, बँकेत विचारा." पुन्हा बँक, पुन्हा तहसील. मग वस्तीतल्या कोणी तरी एक गृहस्थ गाठून दिले. त्यांनी पाचशे रुपये आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, "करून टाकतो" म्हणाले आणि नंतर फोन उचलेनासे झाले.

दोघेही खरे बोलत होते

मी म्हटले, मावशी, उद्या मी येतो तुमच्याबरोबर. तीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला उभे राहिल्यावर काय दिसते, ते त्या तीन दिवसांत मला दिसले. बँकेतला मुलगा उद्धट नव्हता. त्याच्या पुढ्यात रांग होती आणि मावशींच्या खात्यात खरोखरच पैसे आलेले नव्हते. तहसीलमधला कारकूनही कामचुकार नव्हता. त्याच्या पडद्यावर चारही महिन्यांपुढे 'जमा' असे स्पष्ट दिसत होते. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांच्या खरेपणाच्या मध्ये सहा हजार रुपये नाहीसे झाले होते.

उलगडा झाला तो माझ्या जुन्या व्यवसायामुळे. हल्ली अनुदान खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जाते. आधार ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडलेला असेल, त्या बँकेतल्या खात्यात ते पडते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने पाहून सांगितले, की मावशींचा आधार एका वेगळ्याच बँकेशी जोडलेला आहे. तेव्हा मावशींना आठवले: काही वर्षांपूर्वी वस्तीत मांडव घालून खाती उघडून देत होते, तिथे सगळ्या बायकांबरोबर त्यांनीही अंगठा दिला होता. पुढे कधी तरी त्या खात्याला आधार जोडला गेला असावा. ते पासबुक ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली सापडले. आम्ही त्या बँकेत गेलो. सहा हजार रुपये तिथे सुखरूप पडले होते.

म्हणजे कोणी पैसे खाल्ले नव्हते. कोणी लाच मागितली नव्हती (त्या पाचशेवाल्या गृहस्थांचा अपवाद सोडला तर). सरकारने पैसे दिले होते, ते मावशींच्याच नावावर होते, आणि तरी मावशी वाण्याच्या दारात मान खाली घालून उभ्या होत्या. कल्याणकारी योजनांची चर्चा आपण बहुधा भ्रष्टाचाराच्या अंगाने करतो. पण यंत्रणेत सगळे आपापल्या जागी बरोबर असतानाही दुबळा माणूस उपाशी राहू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. त्याला पैशाइतकीच एका गोष्टीची गरज असते: त्याच्या बाजूने विचारणाऱ्या माणसाची. आणि असा माणूस पुरवण्याची तरतूद आपल्या एकाही योजनेत नाही.

दोन पेन्शनांची गोष्ट

ही योजना आजची नव्हे. महाराष्ट्रात ती १९८० साली, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. निराधार विधवा, परित्यक्ता, अपंग, क्षयरोग-कर्करोग-कुष्ठरोगासारख्या आजारांनी हातपाय गळालेले, अनाथ मुले, अशा ज्यांना कमावणारे कोणी नाही त्यांच्यासाठी ती आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून नेणाऱ्या श्रावणाचे नाव सरकारने घेतले, त्यात एक कबुली आहे. खांदा द्यायला मुलगा नसेल तिथे सरकार खांदा देईल, अशी.

केंद्र सरकार या कामात पुष्कळ उशिरा आले. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची व्यवस्था राज्याने करावी, असे म्हटले आहे. अर्थात 'आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत'. शिवाय हे कलम मार्गदर्शक तत्त्वांमधले, म्हणजे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. घटना अमलात आल्यानंतर ४५ वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, नरसिंह राव सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. निराधार वृद्धाला त्यात केंद्राकडून महिना ७५ रुपये मिळत.

योगायोग असा, की त्याच १९९५ साली आम्हा बँक कर्मचाऱ्यांचे पेन्शनचे नियम झाले. त्या दोन पेन्शनांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या पेन्शनीवर महागाई भत्ता आहे. बाजारभाव चढले की तो दर सहा महिन्यांनी आपोआप चढतो, मला कोणाला अर्ज करावा लागत नाही. निराधार वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा हिस्सा पुढे २०० रुपये झाला. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव देऊन ती दारिद्र्यरेषेखालच्या सर्व वृद्धांना लागू केली, तेव्हा तो २०० होता. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आणली, ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये केले. पण ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा हिस्सा २०० चा २०० च राहिला. आज त्या पैशात जेमतेम दीड-दोन किलो तूरडाळ येते. माझ्या पेन्शनला महागाई कळते, तिच्या अनुदानाला कळत नाही.

राज्याने आपल्या बाजूने भर घातली, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात ही रक्कम दीर्घकाळ ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली, आणि अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली. पण प्रत्येक वेळी ती वाढली ती घोषणेने, मंत्रिमंडळाच्या निर्णयाने, बहुधा निवडणुकीच्या आगेमागे. दिलेल्या वाढीबद्दल आभार मानायचे असतात. न दिलेल्या वाढीबद्दल विचारायची सोय नसते. शब्दांतच फरक आहे पाहा. मला मिळते ते 'निवृत्तिवेतन', वेतनाचा उरलेला भाग. मावशींना मिळते ते 'अनुदान'. त्यांनी चाळीस वर्षे चार घरची भांडी घासली आणि त्यांच्या नवऱ्याने पाठीवर पोती वाहिली, त्या कामाचा उरलेला भाग कोणाच्याच हिशेबात नाही.

एकवीस हजारांचे असत्य

आता मला एक अवघड गोष्ट लिहायची आहे. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठेवलेली आहे; अपंगांसाठी ती वाढवून ५०,००० केली. २०२३ साली अनुदान दीड हजार झाले तेव्हाही २१,००० चा आकडा हलला नाही. महिन्याला हे होतात १,७५० रुपये, दिवसाला ५८. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एखादी विधवा वर्षात ६८ दिवस त्या दराने कामावर गेली, तर तिचे उत्पन्न २१,००० च्या वर जाते. सरकारने हमी दिली होती शंभर दिवसांच्या कामाची. ती हमी सरकारने पाळली, तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेत ती बाई बसत नाही!

मग हजारो विधवांना हे अनुदान मिळते कसे? उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर २०,००० लिहिले जाते. तलाठी लिहितो, कारण त्याला दिसते की बाई खरोखर गरीब आहे. तहसीलदार सही करतात, कारण त्यांनाही ते दिसते. मावशींच्या दाखल्यावरही तोच आकडा आहे. चार घरांचे मिळून त्यांना जे मिळते, ते वर्षाला त्याच्या दुपटीहून जास्त होते. त्यातले एक घर माझे. तो दाखला मी हातात घेऊन वाचला आणि गप्प बसलो. वाचकांपैकी जे काटेकोर असतील त्यांनी मला दोष द्यावा. पण वर्षाला पंचेचाळीस-पन्नास हजारांत शहरगावात भाडे भरून राहणाऱ्या एकट्या बाईला 'श्रीमंत' ठरवणारा नियम पाळावा की मोडावा, हेही त्यांनी सांगावे.

खरा दोष पुढेच आहे. नियम असा अशक्य केला, की पात्र माणसालाही खोटे बोलूनच आत यावे लागते. आणि जो खोटे बोलून आत आला, तो कायम मिंधा राहतो. उद्या पैसे थांबले तर तो मोठ्या आवाजात विचारू शकत नाही. कारण कोणी कागद काढून बसले तर आपले बिंग फुटेल, ही धास्ती त्याच्या पोटात असते. 'माझं काय चुकलं' या मावशींच्या प्रश्नाचे मूळ मला तिथे सापडले. लाभार्थी निवडण्याच्या तालुका समितीवर राजकीय नेमणुका असतात. या समितीच्या अध्यक्षपदाला गावोगावी एवढा भाव का, याचेही उत्तर त्यातच आहे. कोणाच्या खोट्याकडे डोळेझाक करायची आणि कोणाचे पकडायचे, हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती मतेही.

हा आकडा बदलणे अशक्य होते असेही नाही. २०२४ साली याच राज्य सरकारने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आणली. रक्कम तीच, महिना १,५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. म्हणजे निराधार विधवेच्या मर्यादेच्या जवळजवळ बारापट. त्यातही पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, असे ठरले. जी कागदपत्रे गोळा करता करता निराधार बाईच्या चपला झिजत होत्या, ती सरकारच्या मनात आले तेव्हा एका निर्णयाने रद्द झाली. लाडक्या बहिणींना पैसे मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. घरातल्या बाईच्या हाती चार पैसे येतात, त्याचे मोल मी बँकेत पाहिले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की जी बहीण सर्वांत दुबळी, तिच्याचकडे सर्वांत जास्त पुरावे का मागायचे?

संशयाची किंमत

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. तपासणी ढिली केली तर बोगस लाभार्थी घुसतात. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची छाननी झाली, तेव्हा सरकारी नोकरीतल्या महिला, एवढेच नव्हे तर चक्क पुरुषही लाभ घेताना आढळल्याच्या बातम्या आपण वाचल्या. करदात्याचा पैसा आहे. तो कोणाच्या खिशात जातो हे पाहायला नको का?

जरूर पाहिले पाहिजे. पण चुका दोन प्रकारच्या असतात. एक, नको त्याला पैसे मिळणे. दुसरी, हव्या त्याला न मिळणे. पहिल्या चुकीत सरकारचे दीड हजार रुपये जातात आणि ते वसूल करता येतात. दुसऱ्या चुकीत एखाद्या म्हातारीची औषधे थांबतात, आणि ती गोष्ट नंतर भरून निघत नाही. पहिल्या चुकीची बातमी होते, चौकशी लागते, अधिकाऱ्यावर ठपका येतो. दुसऱ्या चुकीची नोंदही होत नाही. साहजिकच, काउंटरवरचा माणूस पहिली चूक टाळण्यासाठी दुसरी करीत राहतो. मी हे नुसते तर्काने सांगत नाही. मी ती चूक केलेली आहे.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. तेव्हा तहसीलमधून निराधारांच्या याद्या शाखेत येत, कधी दोन महिन्यांच्या एकदम, कधी तीन. यादी आली की भल्या सकाळपासून शाखेच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसे येऊन बसत. भाकरी फडक्यात बांधून आणलेली असे. एका बाईचे यादीतले नाव आणि पासबुकातले नाव जुळेना. एकात नावापुढे 'बाई' होते, दुसऱ्यात नव्हते. मी तिला ओळखत होतो, आधी दोन-तीनदा मीच पैसे दिले होते. पण त्याच महिन्यात शाखेची तपासणी व्हायची होती. मी म्हणालो, "आजी, तहसीलमधून नावाचं पत्र घेऊन या." ती काही बोलली नाही. पासबुक पिशवीत घालून उठली. पुढची यादी आली तेव्हा तिच्या गावच्या माणसाने सांगितले, की आजी गेली. माझ्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. वय झाले होते. पण तिचे तीन महिन्यांचे पैसे यादीबरोबर तहसीलला परत गेले, आणि त्या वेळच्या तपासणीत माझ्या कामावर एकही शेरा आला नाही. नियमाप्रमाणे मी अगदी बरोबर होतो.

आता यादी नाही, पायऱ्यांवरची रांग नाही. संगणक आहे, आधार आहे, थेट खात्यात पैसे आहेत. मधले हात कमी झाले, हा लाभ मी कमी लेखत नाही. पण आजी आणि पैसे यांच्या मधली 'बाई' काही गेली नाही. तिने रूप बदलले. भांडी घासून, वीटभट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजतात, मग यंत्र अंगठा ओळखत नाही. आधारला जोडलेला मोबाइल जावयाचा असतो आणि जावयाने नंबर बदललेला असतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो राहिला की पैसे थांबतात. पूर्वी निदान चुकणारा माणूस डोळ्यांसमोर होता, त्याच्याशी भांडता येत होते. आता चूक कुठे झाली हे काउंटरवरच्या माणसालाही दिसत नाही. आधारच्या पडताळणीत अडचण आली म्हणून कोणाचा लाभ डावलला जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात म्हटले. पण तो निकाल मावशींच्या हातात नव्हता. हातात होती ती एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात झेरॉक्स.

हयातीचा दाखला मीही देतो. दर नोव्हेंबरात मोबाइल चेहऱ्यासमोर धरतो, दोन मिनिटांत मी जिवंत असल्याचे सरकारदरबारी नोंदले जाते. ज्यांना तेही जमत नाही, त्या पेन्शनरांच्या घरी पोस्टमन यंत्र घेऊन येतो. 'जीवन प्रमाण' ही व्यवस्था २०१४ पासून आहे आणि चांगली आहे. म्हणजे सरकारला म्हाताऱ्या माणसाच्या दारापर्यंत जाता येत नाही असे नाही. माझ्या दारापर्यंत ते येते. मावशींनी मात्र सरकारच्या दारी जायचे.

महाराष्ट्राला हे ठाऊक होते

गरिबाला गरिबी सिद्ध करायला न लावताही मदत करता येते, हे साऱ्या देशाला महाराष्ट्रानेच शिकवले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून तिला पैसा पुरवला गेला. माझ्याही पगारातून तो जात असे. या योजनेचे मर्म असे होते, की कामावर यायला दाखला लागत नव्हता. जो रणरणत्या उन्हात खडी फोडायला तयार आहे, त्याला गरज आहे हे उघडच आहे, त्याचे उत्पन्न कशाला विचारायचे? काम मागणे हा हक्क होता, आणि काम न दिल्यास बेकार भत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तो याच धर्तीवर.

पण ज्याच्या अंगात खडी फोडण्याचे बळच उरले नाही, त्याचे काय? तिथे आपण हक्काची भाषा सोडली आणि दयेची धरली. अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांनी २०१२ पासून पेन्शन परिषदेच्या रूपाने हाच प्रश्न देशापुढे मांडला: असंघटित कष्टकऱ्याला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्मे पेन्शन हक्काने मिळाले पाहिजे. पुण्यातल्या हमालांबरोबर आयुष्य काढलेल्या बाबांना हे ठाऊक होते, की पाठ वाकल्यावर हमालाला विचारणारे कोणी नसते. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्यांतल्या फार थोड्यांना माझ्यासारखे पेन्शन आहे.

मला विचाराल तर एका दिवसात क्रांती नको. चार साध्या गोष्टी पुरेत. पहिली, तारीख. पगाराला जशी तारीख असते तशी या पैशालाही असावी. ओडिशात दर महिन्याच्या १५ तारखेला ग्रामपंचायतीत पेन्शन वाटण्याची रीत पडली; त्या दिवशी सगळा गाव जमतो, कोणाचे आले नाही हे चारचौघांना कळते. दुसरी, २१,००० चा आकडा काढून टाकावा. आयकर भरणारा, सरकारी नोकर, चारचाकी बाळगणारा, असे कोण नको ते सांगावे. लाडक्या बहिणीसाठी सरकारने असे निकष लावलेच होते. तिसरी, कोणाचेही अनुदान बंद करण्याआधी कोणी तरी त्याच्या घरी जाऊन यावे आणि कारण त्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्यावे. चौथी, प्रत्येक गावात आणि वॉर्डात एक माणूस असा असावा, की ज्याचे कामच मुळी बँक आणि तहसील यांच्यामध्ये उभे राहून 'या बाईचे पैसे कुठे आहेत' हे शोधणे. त्याला पगार सरकारने द्यावा, म्हणजे पाचशे रुपयांच्या गृहस्थांचा धंदा बसेल.

आणि वाढीव रकमेचे काय? तीही हवीच, दीड हजारात कोणाचा महिना निघत नाही. पण मावशींच्या बाबतीत मी पाहिले, की दीड हजार कमी पडण्याचे दुःख त्यांनी सोसले होते. ते येतील की नाही, हे माहीत नसण्याने त्या खचल्या होत्या. भाडे देणाऱ्याला रक्कम कमी असल्याचे सांगता येते. 'कधी येतील माहीत नाही' हे सांगता येत नाही.

सहा हजार हातात आले त्या दिवशी मावशी बँकेतून थेट वाण्याकडे गेल्या. उधारी फेडली, दोन महिन्यांचे थकलेले भाडे दिले, आणि संध्याकाळी आमच्याकडे पाव किलो पेढे घेऊन आल्या. मी रागावलो. तर म्हणाल्या, "राहू द्या साहेब. तुम्ही होता म्हणून झालं."

हे वाक्य ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. मी नसतो तर काय, हा विचार त्या पेढ्याबरोबर घशात अडकला. सरकारचे पैसे, सरकारचा कायदा, मावशींचे नाव, मावशींचे खाते. आणि आभार माझे!

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या एका बाईला बरोबर घेऊन. बाई दारातच उभी राहिली, आत येईना. हातात तशीच प्लास्टिकची पिशवी. मावशी म्हणाल्या, "आमच्या शेजारची हाय. हिचंबी पाच महिन्यांपासून बंद हाय. लय हुशार हाय तसं, पर हिला वाटतंय हिचंच काय तरी चुकलं." मी पिशवी घेतली आणि कागद टेबलावर पसरले. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा तोच होता, वीस हजार.